सिलिअ‍ॅकवाल्या घरासाठी घरघंटी : वडगावातला दोन वर्षांचा अनुभव

घरघंटी, म्हणजे घरीच पीठ दळायची छोटी विजेची गिरण, घेऊ का नको असं विचारणारे बरेच जण असतात आणि त्यात आता सिलिअ‍ॅकवाली घरं, म्हणजे ज्यांच्याकडे कुणाला तरी गहू अजिबात न चालणारा आजार आहे अशी, पण असतात, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून टाकतो. मोठं होणार आहे, सावकाश वाचा.

आम्ही २०२३ च्या दिवाळीत घेतली. १ एचपी मोटर, वर धान्य घालायचा हॉपर, खाली स्टीलचा डबा, जाळ्यांचा सेट, बरोबर छोटा व्हॅक्युम. तेव्हा १९ हजारांच्या आसपास पडली. कंपनीचं आणि दुकानाचं नाव घालत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत, आणि या किमतीतल्या मशीन आतून बऱ्यापैकी सारख्याच असतात त्यामुळे नाव नसलं तरी वाचणाऱ्याला उपयोग होईल. मी बेळगावात उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये कामाला आहे, वीस वर्षं लेथ आणि आता सीएनसी, त्यामुळे मोटर बेअरिंग बद्दल जे लिहितोय ते हात लावून बघितलेलं आहे.

आधी घरची परिस्थिती सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मुलगी ९ वर्षांची, तिला सिलिअ‍ॅक आहे. मुलगा १३ चा, त्याला ऑटिझम आहे. आई, मिसेस, मी. घर बेळगावच्या वडगावात, आजूबाजूला कापडाचे मागवाले.

मुलीचं कळायला दीड वर्ष गेलं. पोट फुगलेलं, हातपाय काड्या, तोंडात सारखे फोड, आणि हिमोग्लोबिन काय केल्या वर येईना. लोहाचं औषध तीन वेळा बदललं, जंताचं दोनदा दिलं, एकानं तर सांगितलं की पोरगी खात नाही, तुम्ही लाड करता. ती खात होती हो, रोज तीन चपात्या खात होती, तेच तर होतं. शेवटी एका मुलांच्या डॉक्टरनी टीटीजी नावाची रक्ताची टेस्ट करायला लावली, ती लई वाढलेली आली, मग एंडोस्कोपी करून लहान आतड्याच्या सुरुवातीचे छोटे तुकडे तपासले आणि मग नक्की झालं. एक गोष्ट इथंच सांगून ठेवतो, टेस्टच्या आधी गहू बंद करू नका. आमच्या नात्यातल्या एकांनी स्वतःच्या मनानं मुलाचा गहू चार महिने बंद केला आणि मग टेस्ट केली, ती नॉर्मल आली, आता खरं काय ते कळायला परत गहू सुरू करायची पाळी आली त्यांच्यावर. गहू पोटात जात असतानाच टेस्ट करायची असते.

सिलिअ‍ॅक ही अ‍ॅलर्जी नाही. गहू, जव आणि राय (मोहरीची राई नव्हे, गव्हासारखं परदेशी धान्य) या धान्यांत ग्लूटेन असतं, ते खाल्लं की शरीर स्वतःच्याच आतड्यावर चालून जातं आणि आतड्याच्या आतली बोटासारखी मऊ मऊ टोकं झिजून सपाट होतात, मग खाल्लेलं अंगाला लागत नाही. औषध नाही. ग्लूटेन जन्मभर बंद, तेही एक कणसुद्धा नाही, एवढाच उपचार. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला तेव्हा तिथल्या डिके नावाच्या मुलांच्या डॉक्टरांना दिसलं की ही पोरं उलट सुधारायला लागली, तिथनं गव्हाचा धागा पक्का लागला. मला ही गोष्ट आमच्या आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितली आणि मी ती आईला सांगितली, कारण आईला "चपातीनं कुणाचं वाईट होईल का रे" हे पटतच नव्हतं. त्यानंतर पटलं.

आता तुम्ही म्हणाल बेळगावात राहता, जोंधळ्याची भाकरी आहे, नाचणा आहे, तांदूळ आहे, अडचण काय. आम्हालाही तसंच वाटलं होतं. पहिले सहा महिने मुलीला गव्हाचं सगळं बंद केलं, भाकरी सुरू केली, शाळू चांगला निवडून गल्लीच्या तोंडाला जी गिरण आहे तिथं दळून आणत होतो. तरी मुलीचं पोट अधूनमधून बिघडायचंच, आणि सहा महिन्यांनी टीटीजी खाली आली पण पाहिजे तेवढी नाही. आहारतज्ज्ञ बाईंनी पहिला प्रश्न विचारला, दळता कुठं?

गिरणीवाले मामा देवमाणूस आहेत, मी लहानपणापासून त्यांच्याकडे दळण घेऊन जातोय. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "मी झाडून घेतो की रे, पहिलं तुझंच घालतो सकाळी." आणि खरंच तसं करायचे. एकदा गिरण बंद असताना मला दगड उघडून दाखवला त्यांनी. टाकी लावलेल्या खाचा असतात ना दगडाला, त्यात पीठ गच्च बसलेलं, नखानं खरवडून निघालं. पीठ पडतं ती कापडी नळी आतून पांढरी झालेली, ती किती वर्षांत धुतलेली नसेल. मामा स्वतःच म्हणाले, "नको रे, पोरीचं इथं नको." त्यांचा काहीच दोष नाही, गिरण चालायचीच तशी, आख्ख्या गल्लीचा गहू तिथनंच जाणार.

मी मशीनवरचा माणूस, मला आकडा लागतो, म्हणून हिशेब केला. आपल्याकडे एफएसएसएआयच्या (अन्न सुरक्षेचं सरकारी खातं) नियमानं ग्लूटेन-फ्री म्हणायचं तर किलोला २० मिलिग्रॅमच्या आत ग्लूटेन पाहिजे. गव्हाच्या पिठात साधारण १०० ग्रॅमला ८ ग्रॅम तरी ग्लूटेन धरा. म्हणजे किलोभर जोंधळ्याच्या पिठात गव्हाचं पीठ पाव ग्रॅम, एक चिमूट हो, गेलं की मर्यादा संपली. छोटा चमचाभर म्हणजे ३ ग्रॅम गेलं तर २४० मिलिग्रॅम, बारा पट. दगडात त्याहून जास्त अडकलेलं मी डोळ्यांनी बघितलं होतं. त्या रात्री मला झोप आली नाही, कारण सहा महिने आम्ही फार काळजी घेतोय असं समजत होतो.

पॅकेटातलं ग्लूटेन-फ्री पीठ मागवून बघितलं, किलोला दीडशे-दोनशेच्या घरात जातं, आणि जोंधळ्याचं पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापताना कडेला चिरा पडतात, तव्यावर टाकेपर्यंत दोन तुकडे. आई पन्नास वर्षं भाकऱ्या थापतेय, ती पण हरली त्या पिठापुढं. म्हणून घरघंटी.

पण घरात एक मोठा पेच होता, तो सांगितल्याशिवाय या मशीनचा खरा उपयोग सांगता येणार नाही. सगळे म्हणतात घरातनं गहूच काढून टाका, प्रश्न मिटला. आमचा मुलगा मोजून सहा पदार्थ खातो. त्यातला पहिला चपाती. तीही एकाच आकाराची, काळा डाग नसलेली, घडी न घातलेली. मऊ भात खात नाही, भाकरीचा खरखरीतपणा त्याला जिभेवर सहन होत नाही, मी स्वतः त्याला ओकारी आलेली बघितली आहे, तो नाटक करत नाही. एका वर्षात एक नवीन पदार्थ त्याच्या ताटात गेला तर आम्ही आनंदानं एकमेकांना फोन करून सांगतो. त्याची चपाती काढून घेतली तर तो उपाशी राहील. एकीला गव्हानं आजार होतो आणि दुसरा गव्हावरच जगतो, आणि दोघं पाठच्या पाठ बहीणभाऊ, एकाच ताटाशेजारी बसणारे.

अजून एक. आम्हाला गहू बंद केल्यानं ऑटिझम बरा होतो असं सांगणारे कमीत कमी दहा जण भेटले, काहींनी तर आमच्या घरात गहू बंद होणारच आहे म्हटल्यावर "देवानंच वाट दाखवली" असं पण म्हटलं. आम्ही त्याच्या डॉक्टरांना दोनदा विचारलं. ऑटिझमवर ग्लूटेन बंद करून फरक पडतो असा भरवशाचा पुरावा नाही, आणि आधीच मोजकं खाणाऱ्या मुलाचं अजून काढून घेतलं तर पोषणच बिघडतं. बहिणीला सिलिअ‍ॅक आहे म्हटल्यावर त्याची टेस्ट मात्र करायलाच हवी होती, भावंडांची आणि आईबापांची करतातच. त्याचं रक्त काढायला दोन वेळा जाऊन परत आलो, तिसऱ्यांदा सकाळी सातला, लॅब रिकामी असताना, तिथल्या सिस्टरनी आधी माझ्या हाताला सुई लावून दाखवली आणि मग जमलं. निगेटिव्ह आली. तेव्हा त्याची चपाती त्याला, हे घरात ठरलं. त्याचं ते चालू राहिलंच पाहिजे.

म्हणून आमच्या घरात दोन राज्यं आहेत. चपातीचं पोळपाट, लाटणं, तवा, परात सगळं वेगळं, त्याला लाल टेप. कणीक पॅकेटातली आणतो, घरात चाळत नाही कारण चाळताना धुरळा उडतो आणि सगळीकडे बसतो. आधी भाकरी होते, ती झाकून आत जाते, मग चपाती. आणि घरघंटी ही फक्त मुलीची. तिच्यावर मराठीत आणि कन्नडमध्ये मोठ्या अक्षरात लिहिलंय, यात गहू घालायचा नाही. "गोधी", म्हणजे गहू, हा कन्नड शब्द आईनं त्यासाठी वाचायला शिकला, कारण इथं पाकिटांवर कन्नडमध्ये पण असतं आणि तिला फक्त मराठी येतं. मुलगी शाळेत "ननग गोधी आगूदिल्ल", म्हणजे मला गहू चालत नाही, असं खणखणीत सांगते.

आता मशीन.

पहिली मोठी तक्रार डेमोची. ही प्रत्येकानं वाचा. दुकानात पैसे भरताना मी दोनदा सांगितलं होतं की यात गहू घालायचा नाही, आजार आहे. डेमोला माणूस आला, खोकं फोडलं, मी आत प्लगचं बघायला गेलो तेवढ्यात त्यानं स्वतःच्या पिशवीतनं मूठभर गहू काढून हॉपरमध्ये टाकला. मी ओरडलो तोपर्यंत मशीन चालू. तो बिचारा घाबरला, म्हणाला, "साहेब, सगळीकडे गव्हावरच दाखवतो, आणि कारखान्यात पण टेस्टिंग धान्य घालूनच होतं." म्हणजे त्यानं टाकला नसता तरी नवीन मशीन आतनं कोरी असेलच असं धरून चालता येत नाही. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

मग त्या रविवारी मी पूर्ण उघडली. जाळी, दळायच्या चेंबरचं झाकण, आतले बीटर, खालचा डबा, कापडी फिल्टर, रबरी पॅकिंग सगळं काढलं. चेंबरच्या कोपऱ्यात आणि पॅकिंगच्या खाली पीठ होतंच. दुकानातनं आलेल्या व्हॅक्युमनं ओढलं, मग पेंटचा नवीन ब्रश, मग दमट कापड, मग दिवसभर उन्हात, मोटरच्या बाजूला पाणी अजिबात नाही लावायचं. कापडी फिल्टर धुतला नाही, सरळ नवा घेतला. मग तांदूळ दोन किलो दळून ते पीठ बाजूच्यांच्या म्हशीला दिलं, परत उघडून बघितलं, परत दोन किलो. चार किलो तांदूळ गेला पण मनाला शांती मिळाली. तुम्ही घेताना सीलबंद पीस घ्या, दुकानातला डेमो पीस स्वस्तात देतो म्हटलं तरी नको, आणि डेमोच करू नका म्हणून लिहून द्या. सर्व्हिसला माणूस येतो तेव्हा तो स्वतःचा व्हॅक्युम आणि ब्रश आणतो, तो दहा घरांच्या कणकेतनं आलेला असतो. त्याला आपलाच ब्रश द्या.

दुसरी गोष्ट आवाज. याबद्दल कुठंच नीट लिहिलेलं सापडत नाही, सगळे "थोडा आवाज येतो" एवढंच लिहितात. ऑटिझम असलेल्या मुलाच्या घरात थोडा आवाज असं काही नसतं.

आमच्या गल्लीत माग चालतात, दिवसभर खट-खट-खट-खट, त्याचा मुलाला त्रास नाही, उलट माग बंद पडले की तो बाहेर येऊन बघतो. म्हणून मला वाटलं होतं घरघंटीचं पण चालेल. पहिल्यांदा बटण दाबलं आणि तो दोन्ही हात कानावर ठेवून मागच्या खोलीत पलंगाखाली गेला, दीड तास बाहेर आला नाही. त्या दिवशी मिसेस म्हणाली परत देऊन टाकूया. मला पण तसंच वाटलं.

मग मी बसून ऐकलं, म्हणजे कामावर बेअरिंग गेलं का ऐकतो तसं. मागाचा आवाज एका लयीत असतो आणि तो आधीपासूनच चालू असतो. घरघंटीचे आवाज तीन आहेत. चालू होताना एकदम धडाड करून उठते, तो पहिला. धान्य पडत असताना जरा जड, सारखा गुरगुर आवाज, तो दुसरा, आणि तो तेवढा वाईट नाही. धान्य संपत आलं की मोटरवरचा भार कमी होतो आणि आवाज पातळ होऊन वर चढत जातो, शिट्टीसारखा, तो तिसरा. मुलाला सगळ्यात जास्त त्रास या तिसऱ्याचा होता. तो कधी येणार हे त्याला कळत नव्हतं आणि आला की थांबणार कधी हेही कळत नव्हतं.

तेव्हा हे केलं. मशीन स्वयंपाकघरातनं काढून मागच्या परड्यातल्या पडवीत नेली, मध्ये दोन दरवाजे. पायाखाली कामावरच्या जाड रबर शीटचे तुकडे घातले, त्यानं फरशीतनं येणारी थरथर जवळजवळ गेली, मला तर वाटतं त्याला कानापेक्षा पायातनं येणाऱ्या थरथरीचाच त्रास जास्त होता. पत्र्याचा मागचा पॅनेल सैल होता, तो वाजत होता, आतनं रबराची पट्टी देऊन दोन स्क्रू आवळले. दळणाची वेळ ठरवली, रविवारी सकाळी दहा, कॅलेंडरवर घंटीचं चित्र. कानाला ग्राइंडिंगवाले लावतात ते इअरमफ, त्याच्या मापाचे, निळे, रंग त्यानं निवडला. आणि धान्य पूर्ण संपू द्यायचं नाही, मूठभर राहिलं की बंद करायची, म्हणजे तो चढता आवाज येतच नाही. उरलेली मूठ पुढच्या दळणात.

दोन महिन्यांनी तो पडवीच्या दारात उभा राहून बघायला लागला, इअरमफ लावून. आता रविवारी दहाला पाच मिनिटं कमी असली की तोच मुलीला बोलावतो. ती हॉपरमध्ये धान्य ओतते, तो जाळीचा नंबर बघतो आणि मोठ्यानं सांगतो. एकदा बुधवारी पाहुणे येणार म्हणून मिसेसनं दळण काढलं तेव्हा फार वाईट झालं, दोन दिवस तो जेवला नाही नीट. त्यानंतर पीठ संपलं तर त्या दिवशी भात, पण रविवार मोडायचा नाही.

सगळ्यांच्या घरात परडं नसतं हे मला कळतं. फ्लॅटमध्ये राहत असाल आणि आवाजाचा त्रास असलेलं मूल घरी असेल तर घेण्याआधी ज्यांच्याकडे आहे त्यांच्या घरी मुलाला एकदा घेऊन जा, रिकामी नाही, धान्य घालून चालू केलेली ऐकवा. दुकानात ऐकून काहीच कळत नाही, तिथं रस्त्याचाच आवाज असतो.

दळण कसं येतं ते. जोंधळा अतिशय छान. मधल्या बारीक जाळीवर भाकरीचं पीठ एकदम मऊ, आणि ताजं असल्यामुळे आईची भाकरी परत पहिल्यासारखी फुगायला लागली. पहिल्या दिवशी तिनं तव्यावरची भाकरी उलटली, ती टम्म फुगली, तिनं ती तशीच चिमट्यात धरून मुलीला दाखवायला बाहेरच्या खोलीत नेली. नाचणा पण छान, फक्त हळू पडतो, दाणा बारीक त्यामुळे हॉपरचं झडप अर्धंच उघडावं लागतं नाहीतर तुंबतो. तांदूळ बारीक जाळीवर सुद्धा किंचित कणीदार येतो, घावनाला आणि आंबोळीला चालतो, मोदकाच्या उकडीला मी सांगणार नाही. हरभऱ्याची डाळ चांगली होते, बेसन विकत आणायचं बंद झालं. आणि सगळ्यात मोठा फायदा जाड जाळीचा, जोंधळ्याच्या कण्या आणि तांदळाचा रवा. शाळेत उप्पीट असलं की मुलगी डबा उघडून बाजूला बसायची. आता जोंधळ्याच्या कण्यांचं उप्पीट नेते, कढीपत्ता मोहरी सगळं घातलेलं, लांबनं बघितलं तर फरक कळत नाही. तिनं मला एवढंच सांगितलं, "पप्पा, आज मला कुणी विचारलं नाही." मला मशीनचे १९ हजार त्या दिवशीच फिटले.

पण मशीन शुद्ध ठेवून भागत नाही, धान्यात गहू असतो. रविवार पेठेतनं आणा नाहीतर कुठनंही आणा, तीच पोती, तोच तराजू, तेच माप. पाच किलो जोंधळ्यात आईला गव्हाचे सात-आठ दाणे तरी सापडतात. ती रोज दुपारी परातीत किलोभर निवडते, चष्मा लावून, खिडकीपाशी. नाचण्याचं सोपं, बारीक चाळणीनं चाळला की नाचणा खाली आणि गहू वर राहतो. पावसाळ्यात आमच्याकडे धान्य सादळतं, सादळलेलं घातलं की जाळी चिकटते, चेंबर गरम होतं आणि पीठ दमट येतं. जून ते सप्टेंबर मी धान्य आदल्या रात्री पंख्याखाली कापडावर पसरतो, सकाळी कढईत नुसतं कोमट करतो, गार झालं की दळण. गरम घालायचं नाही.

खपलीचं पण लिहितो कारण आमच्या भागात हे घरोघरी ऐकायला मिळतं. मिसेसच्या मावशी गावाकडनं आल्या, चार किलो खपली घेऊन. "अगं, हा जुना गहू, हुग्गीचा (गव्हाच्या खिरीचा), पचायला हलका, हा पोरीला चालतोय, घाल तुझ्या मशीनमध्ये." खपली हा गहूच आहे आणि त्यात ग्लूटेन आहे, मधुमेहवाल्यांना कुणी काय सांगत असेल ते वेगळं, सिलिअ‍ॅकला चालत नाही. मिसेसनं नाही म्हटलं. मावशींना वाईट वाटलं, "आमच्या हातचं नको झालं का" असं म्हणाल्या. मिसेसनं त्यांना हाताला धरून परड्यात नेलं, मशीनवरचं वाचून दाखवलं आणि मुलीचे जुने फोटो दाखवले, ते पोट फुगलेले. मग मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. पुढच्या वेळी येताना नाचणा घेऊन आल्या, स्वतः निवडून, नव्या पिशवीत. लोक वाईट नसतात, दाखवावं लागतं. हिंगाचं पण असंच, आपल्या साध्या डबीतल्या हिंगात बऱ्याचदा मैदा असतो, मागचं वाचून घ्या. बेळगावचा कुंदा दूध-साखरेचा, त्यामुळे तो चालतो, आम्ही घरी करतो. मांडे विसरायचे. दुधात घालायच्या माल्टवाल्या पावडरी विसरायच्या, माल्ट म्हणजे बहुतेक जवाचा.

सर्व्हिस यथातथा. बेळगावात माणूस नाही, पिनकोड कर्नाटकचा म्हणून हुबळीहून येतो, फोन केल्यापासून नऊ दिवस लागले. मला कन्नड येतं म्हणून अडलं नाही. पुस्तिका हिंदी आणि इंग्रजीत, मराठीही नाही आणि कन्नडही नाही, जाळीचा तक्ता तरी इथल्या भाषेत द्यायला हवा होता, आईसारख्या बायकाच तर मशीन चालवतात. दीड वर्षानी एक जाळी फाटली, बारीक छिद्र पडलं होतं, पीठात कणी यायला लागली म्हणून कळलं. दर महिन्याला जाळी उजेडासमोर धरून बघत जा. मोटर ठणठणीत आहे, बेअरिंगचा आवाज अजून नाही. विजेचं म्हणाल तर १ एचपी म्हणजे पाऊण युनिट तासाला धरा, आम्ही आठवड्याला अर्धा तास चालवतो, बिलात कळत सुद्धा नाही. प्लग मात्र १५ अँपिअरचा आणि अर्थिंग नीट असलेला पाहिजे, जुन्या घरात आधी तपासून घ्या.

निकाल म्हणाल तर, मुलीची टीटीजी घरघंटी घेतल्यावर वर्षभरात नॉर्मल आली. सगळं श्रेय मशीनला देता येणार नाही, आईच्या निवडण्याला आहे, मिसेसच्या दोन पोळपाटांना आहे, वेळ पण जातोच त्याला. पण दळणाची वाट बंद केल्याशिवाय ते झालं नसतं असं मला पक्कं वाटतं. वजन सहा किलोनं वाढलं, तोंड येणं थांबलं. घरात दोन्ही धान्यं चालत असतील तर घरघंटी एकाच बाजूची ठेवा, "आधी गहू दळू, मग साफ करून जोंधळा" हे होत नाही, त्या पाव ग्रॅमचा हिशेब आठवा. ज्यांच्याकडे सिलिअ‍ॅक नाही आणि जवळ चांगली गिरण आहे त्यांनी एवढे पैसे घालायची मला तरी गरज वाटत नाही, मामांकडेच जावा, त्यांचं पोट त्यावर आहे.

मशीनला पाचातले चार. एक डेमोच्या त्या मुठीचा कापला, तो मी देणार नाही.

घेतलीत तर जाळ्यांचा एक जादा सेट आणि एक जादा कापडी फिल्टर त्याच दिवशी मागून घ्या, नंतर मिळायला महिना जातो. मॉडेल नंबरची पट्टी मागच्या बाजूला असते, मशीन भिंतीला लावायच्या आधी तिचा फोटो काढून ठेवा.